एकशे त्र्याऐंशी: पापनाशमला लागलेल्या एका फोनचं रसग्रहण

चारशे मिलिसेकंद सूर, दोनशे मिलिसेकंद शांतता, पुन्हा चारशे मिलिसेकंद सूर आणि मग दोन सेकंद काहीच नाही. भारतातल्या लँडलाइनवर फोन लावला की पलीकडे घंटा वाजत असल्याची जी खूण कानात येते, तिचं हे माप. सूर ४०० हर्ट्‌झचा आणि त्यावर २५ हर्ट्‌झची थरथर. अमेरिकेत हीच खूण वेगळी असते. तिथे ४४० आणि ४८० हर्ट्‌झचे दोन सूर एकत्र, सलग दोन सेकंद वाजतात आणि मग चार सेकंद शांतता. 'ॲस्टरिस्क' नावाची टेलिफोनची एक मुक्त प्रणाली आहे. तिच्या एका फाइलमध्ये देशोदेशीचे असे सूर लिहून ठेवलेले आहेत. भारताच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात: डायल टोन, रिंग, एंगेज, लाइन भरलेली असल्याची खूण. नुसते आकडे आणि स्वल्पविराम. पण ज्याने हे दोन्ही सूर वर्षानुवर्षं ऐकले आहेत, त्याला पहिल्याच आवर्तनात कळतं की आपला फोन कुठल्या मुलखात वाजतोय.

कॅलिफोर्नियातला एक तरुण संगणकावरून पापनाशमच्या आजीला फोन लावतो, असं धरू. पापनाशम म्हणजे तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना लागणारं, नायक राजांच्या काळातलं विटांचं धान्यकोठार असलेलं गाव; तिरुनेलवेलीकडचं धरणाचं पापनाशम वेगळं. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये तंजावरात राज्य मांडलं, ते १८५५ पर्यंत टिकलं, आणि त्या राज्यामागून कावेरीकाठी आलेली मराठी घरं आजही या टापूत आहेत. त्यांच्या घरातली मराठी तमिळच्या शेजारात साडेतीनशे वर्षं मुरली आहे. पुढच्या पिढ्या चेन्नईला, बंगळूरला आणि तिथून परदेशी गेल्या. म्हणून नातू इंटरनेटवर आणि आजी तांब्याच्या तारेवर, ही जोडी मी मुद्दाम शोधून काढलेली नाही. असं घर तिथे कुठेही असू शकतं. एसटीडी कोड ०४३७४, पुढे सहा आकडे.

या दोघांच्या मधे जे यंत्र उभं असतं त्याला गेटवे म्हणतात. एका बाजूने त्याला इंटरनेटची भाषा येते, दुसऱ्या बाजूने जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची. १९९५ साली 'व्होकलटेक' या इस्रायली कंपनीने संगणकावरून संगणकाशी बोलण्याचं सॉफ्टवेअर विकायला काढलं, तेव्हा दोन्ही माणसांनी ठरलेल्या वेळी संगणकासमोर बसणं भाग होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी गेटवे आणला आणि पलीकडच्या माणसाची त्या बंधनातून सुटका झाली. त्याच्याकडे साधा फोन असला की पुरे. पुढे न्यू जर्सीतल्या भारतीय किराणा दुकानांत जी कॉलिंग कार्डं मिळायची, त्यांच्यामागेही बहुतेक वेळा असेच गेटवे असत.

गेटवेने कसं वागावं हे सांगणारा एक दस्तऐवज आहे: आरएफसी ३३९८ (आरएफसी ही इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका). डिसेंबर २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोन्झालो कामारियो, ॲडम रोच, जॉन पीटरसन आणि लिंडन ऑन्ग हे त्याचे लेखक. इंटरनेटवर फोन जोडणारी एसआयपी ही पद्धत आणि टेलिफोन एक्स्चेंजेस आपापसात वापरतात ती आयएसयूपी ही पद्धत, या दोहोंतला कुठला निरोप कुठल्या निरोपाच्या जागी ठेवायचा, हे त्यात सांगितलं आहे. असा दस्तऐवज रसग्रहणाला घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम 'हो' आहे. त्यातल्या कॉलचा प्रवास दाखवणाऱ्या आकृत्यांत तीन उभे खांब असतात. डावीकडे इंटरनेट, उजवीकडे जुनं जाळं, मधे गेटवे. बाण डावीकडून मधल्या खांबापाशी येतो आणि तिथून वेगळं नाव घेऊन उजवीकडे निघतो. वाचत गेलं की जाणवतं, या लेखकांनी उजव्या खांबापलीकडच्या माणसाचा, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही त्याचा, फार बारकाईने विचार केला आहे.

पहिला बाण सोपा आहे. नातवाचा संगणक 'इन्व्हाइट' हा निरोप पाठवतो. गेटवे त्यातून नंबर काढून एक्स्चेंजच्या पद्धतीचा पत्ता तयार करतो आणि पुढे पाठवतो. रस सुरू होतो तो उत्तरापासून. जुनं जाळं कळवतं, की पत्ता पूर्ण मिळाला. हे ऐकून गेटवेने नातवाकडे काय पाठवायचं? दोन पर्याय आहेत आणि दोन्ही नुसते आकडे आहेत. १८० म्हणजे 'पलीकडे घंटा वाजते आहे'. १८३ म्हणजे 'काम पुढे सरकतं आहे', आणि त्यासोबत आवाजाची वाट उघडता येते.

फरक किरकोळ वाटेल. पण नुसता १८० आला तर नातवाचा संगणक स्वतःच घंटेचा आवाज काढतो. तो जिथला असेल तिथला: अमेरिकेतल्या फोनवर अमेरिकेचा, दोन सेकंद सलग घुमणारा. गेटवेने १८३ पाठवून वाट उघडली तर संगणक गप्प बसतो आणि पलीकडच्या एक्स्चेंजने वाजवलेला सूर जसाच्या तसा येऊ देतो. चारशे, दोनशे, चारशे आणि दोन सेकंद. आजीने अजून फोन उचललेला नाही, एक शब्द बोलला गेलेला नाही, आणि तरीही गावाकडून काहीतरी येऊन पोचलं आहे. नंबर चुकला असेल तर याच उघड्या वाटेने एक्स्चेंजमधली तमिळ सूचना ऐकू येते. १८० वर भिस्त ठेवली असती तर तिच्या जागी एखादा कोरडा आकडा आला असता. दस्तऐवजाचा कल असा, की पलीकडे नक्की घंटा वाजते आहे हे कळलं असेल तर १८० पाठवा, आणि जुन्या जाळ्याने तसं स्पष्ट सांगितलं नसेल तर १८३. माहीत नसताना 'वाजते आहे' असं बोलायचं नाही, जे पलीकडे आहे तेच ऐकू द्यायचं. यंत्राला घालून दिलेला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. पुढे कामारियो यांनी हेनिंग शुल्झरिन यांच्यासोबत फक्त या घंटेच्या प्रश्नावर २००४ साली आणखी एक दस्तऐवज लिहिला, यावरून या एवढ्याशा जागेत किती काही दडलं होतं ते कळतं.

ही वाट मात्र एकतर्फी असते. नातू ऐकू शकतो, बोलू शकत नाही. बोलला तरी ते पुढे जात नाही. आजीने रिसीव्हर उचलला की तारेतून करंट वाहू लागतो, एक्स्चेंजला ते कळतं, उत्तर मिळाल्याचा निरोप निघतो, गेटवे त्याचा '२०० ओके' करतो आणि तेव्हा दुसरी बाजू उघडते. पैशांचं मीटरही तिथूनच सुरू होतं.

या दस्तऐवजात मला सर्वांत जास्त आवडतो तो भाग अगदी थोडक्यात उरकलेला आहे, आणि बहुतेक वाचक तो ओलांडून जात असतील. जुन्या जाळ्यात 'सस्पेंड' नावाचा निरोप आहे, त्याची जोडी 'रिझ्यूम'. फोन घेतलेल्या माणसाने रिसीव्हर खाली ठेवला तर एक्स्चेंज लगेच कॉल तोडत नाही. थोडा वेळ थांबतं. का? कारण माणसं बाहेरच्या खोलीत फोन घेतात, आवाज नीट येत नाही म्हणून ठेवतात आणि आतल्या खोलीतला जोडफोन उचलतात. एकाच लाइनवर दोन फोन असलेल्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. एक्स्चेंज बांधणाऱ्यांनी ही सवय हेरली आणि तिच्यासाठी एक निरोप आणि एक घड्याळ ठेवलं. इंटरनेटच्या फोनला अशी सवय नाही. तिथे 'बाय' म्हटलं की संपलं. मग गेटवेने काय करावं? दस्तऐवज म्हणतो, कॉल तोडू नका. तेवढ्यापुरता आवाज पाठवणं थांबवता येईल, आणि रिझ्यूम आला की पुन्हा सुरू करा. वेळ टळून गेली तर तोडण्याचा निरोप जुनं जाळंच पाठवेल. म्हणजे पापनाशममधल्या एका घरात आजी बैठकीतून स्वयंपाकघरात जाईपर्यंत कॅलिफोर्नियातला संगणक तिच्यासाठी थांबतो. तिला याची कल्पना नाही आणि ती असण्याची गरजही नाही.

तांब्याच्या तारेवरच्या माणसाने काहीही नवं शिकायचं नाही, या एका गोष्टीभोवती गेटवेची सगळी रचना फिरते. शिकायचं ते नव्या जाळ्याने. आवाजाच्या बाबतीतही हेच दिसतं. आवाजाचे आकडे करण्याची जगात दोन मापं आहेत. भारत-युरोपात ए-लॉ आणि अमेरिका-जपानात म्यू-लॉ. दोन्हींत सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला आठ बिटं, पण आवाजाची पातळी मोजणाऱ्या पायऱ्या थोड्या वेगळ्या. १९७२च्या जी.७११ या आंतरराष्ट्रीय शिफारशीने ठरवून टाकलं, की दोन मापं समोरासमोर आली तर बदल म्यू-लॉवाल्यांनी करायचा. प्रतिध्वनीचंही तसंच. आजीच्या घरी येणारी तार दोन पदरी असते, एक्स्चेंजमध्ये तिचे चार पदर होतात, आणि त्या सांध्यावर नातवाचा थोडा आवाज गळून परत त्याच्याकडेच जातो. गावातल्या गावात तो लगेच परततो म्हणून जाणवत नाही. इंटरनेटवरून मात्र आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास पाकिटं निघतात, उशिरा येणाऱ्यांसाठी पलीकडे थोडं थांबावं लागतं, आणि या विलंबामुळे नातवाला स्वतःचंच बोलणं मागाहून ऐकू येतं. दोष पापनाशमच्या तारेत, त्रास कॅलिफोर्नियात. तार बदला असं कुणीच म्हणत नाही. गेटवे त्या तारेचा स्वभाव ऐकून घेतो, कोणत्या आवाजाचा किती अंश परत येईल याचा सतत अंदाज बांधतो आणि तेवढा वजा करत राहतो.

बटणांची गोष्ट याहून लहान. फोनवर ५ दाबलं की ७७० आणि १,३३६ हर्ट्‌झचे दोन सूर एकदम निघतात. इंटरनेटवर जागा वाचवण्यासाठी आवाज दाबून पाठवतात आणि दाबणाऱ्या पद्धती माणसाच्या गळ्याचा विचार करून बनवलेल्या असतात, त्यांच्यातून हे सूर विद्रूप होऊन बाहेर पडतात. म्हणून गेटवे सूर पाठवतच नाही. 'पाच दाबलं, इतका वेळ' असा निरोप जातो आणि पलीकडचा गेटवे तो सूर नव्याने वाजवतो.

आता शांततेकडे येतो. बोलणाऱ्याने श्वास घेतला, विचार केला, गप्प राहिला, की इंटरनेटचा फोन पाकिटं पाठवणं बंद करू शकतो, जागा वाचते. पण मग कानाला जी शांतता मिळते ती संपूर्ण असते, आणि तांब्याच्या तारेला सरावलेला माणूस ती ऐकून म्हणतो, 'हॅलो? हॅलो? कट झाला वाटतं.' त्या तारेवर कायम एक बारीक खरखर असायची आणि लाइन जिवंत असल्याची खात्री तिच्यातून मिळायची. म्हणून गेटवे ती खरखर बनवतो. २००२च्याच आरएफसी ३३८९ मध्ये तिची रीत आहे. बोलणाऱ्याच्या खोलीत किती गुणगुण आहे याचा एक आकडा पाठवायचा, हवं तर तिच्या पोताविषयी आणखी थोडे, आणि ऐकणाऱ्याच्या बाजूला तशीच गुणगुण तयार करायची. तंजावर हा तंबोऱ्यांचा आणि वीणांचा मुलूख. पापनाशमचं नाव स्वतःच्या नावापुढे लावणारे वाग्गेयकार पापनाशम शिवन (१८९०–१९७३) याच परंपरेतले. गायक श्वास घेतो तेव्हा तंबोरा थांबत नाही, त्यामुळे श्रोत्याला गाणं तुटल्यासारखं वाटत नाही. गेटवेच्या या कृत्रिम खरखरीचं काम मला त्याच जातीचं वाटतं. अभियंत्यांनी तिला 'कम्फर्ट नॉइज' म्हटलं आहे.

सगळंच साधलेलं नाही, हेही त्याच बारकाईने पाहायला हवं. दस्तऐवजातला सर्वांत मोठा तक्ता अपयशांचा आहे. फोन का लागला नाही याची कारणं जुन्या जाळ्यात क्रमांकाने सांगतात, गेटवे त्यांची एसआयपीच्या आकड्यांत मांडणी करतो. कारण १, असा नंबरच नाही, याचं होतं ४०४; इंटरनेटवर पान सापडलं नाही की दिसतो तोच हा आकडा. कारण १७, एंगेज, याचं ४८६. कारण २२, नंबर बदलला, याचं ४१०. इथवर जोड्या चपखल बसतात. कारण १९ पाशी मात्र गाडी अडते. १९ म्हणजे घंटा वाजली, पण कुणी उचललं नाही. त्याचं होतं ४८०, 'सध्या उपलब्ध नाही'. कॉल वाटेत पुन्हा जुन्या जाळ्यात शिरला तर उलट्या तक्त्यात ४८० चं होतं कारण १८: प्रतिसादच मिळाला नाही. १९ चा अर्थ, घर आहे, फोन चालू आहे, आजी कदाचित देवळात गेली आहे. १८ मधून यातलं काहीच कळत नाही. रात्री झोप उडालेल्या नातवाला हे दोन आकडे सारखे कसे वाटतील?

लेखकांना ही गळती ठाऊक होती. तिच्यावरचा उपाय त्याच वर्षीच्या आरएफसी ३३७२ मध्ये आहे. जुन्या जाळ्याचा मूळ निरोप एसआयपीच्या निरोपात जसाच्या तसा बांधून सोबत द्यायचा. ज्याला वाचता येईल तो वाचेल, ज्याला येणार नाही तो सोडून देईल. तंजावरच्या शहाजीराजांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात एकाच रंगमंचावर पाच भाषा बोलल्या जातात, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आणि त्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गेटवे खुणांचं, आकड्यांचं, मापांचं रूपांतर करतो, पण दोघं जे बोलतात त्यातल्या एका अक्षराचाही अर्थ लावायला जात नाही. तमिळ मिसळलेली ती जुनी मराठी पलीकडे तशीच पोचते.

आपल्या देशात या यंत्राकडे बराच काळ संशयाने पाहिलं गेलं. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, संगणकावरून परदेशातल्या फोनवरही बोलता येऊ लागलं. पण भारतातल्या भारतात इंटरनेटचा कॉल टेलिफोनच्या जाळ्यात सोडायला मनाई राहिली. परदेशातून येणारे कॉल परवानाधारक कंपन्यांच्या दारातूनच यायला हवेत असा नियम होता, आणि तो चुकवून भाड्याच्या खोलीत गेटवेचं काम करणारी सिमकार्डांची पेटी मांडणाऱ्यांवर पोलिसांच्या धाडी पडत. 'बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज' ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. परदेशातून फोन यावा आणि पडद्यावर इथलाच अनोळखी मोबाइल नंबर दिसावा, याचं कारण अनेकदा हेच असे. महसूल आणि सुरक्षा ही दोन्ही कारणं खरी होती, पण त्यांच्यापायी घराघरांतला साधा उपयोगही सोळा वर्षं अडून राहिला, याची मला खंत आहे. २०१८ साली दूरसंचार विभागाने टेलिफोन कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीची मोकळीक दिली आणि बीएसएनएलने 'विंग्ज' ही सेवा जाहीर केली.

आता गेटवे गावातल्या एक्स्चेंजपाशी थांबत नाही, तो घरात शिरला आहे. फायबरची जोडणी घेतली की भिंतीवर जी पेटी येते, तिच्या मागे फोनची एक खाच असते. ती खाच म्हणजे गेटवेचं सर्वांत छोटं रूप. जुना फोन तिथे खोचला की डायल टोन तीच पेटी देते आणि घंटाही तीच वाजवते. आजीला वाटतं, फोन तसाच आहे. दोन ठिकाणी मात्र तो तसा राहत नाही. बोटाने फिरवायच्या तबकडीचा फोन असेल तर अशा पुष्कळ पेट्यांना त्याचे ठोके कळत नाहीत. आणि वीज. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजमधल्या बॅटरीचे ४८ व्होल्ट येत असत. घरात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरवरून वीज येत नाही, घरची वीज गेली की पेटी बंद आणि फोनही बंद. १६ नोव्हेंबर २०१८ ला 'गज' चक्रीवादळ नागपट्टिणम-वेदारण्यमकडून आत आलं तेव्हा याच तंजावर जिल्ह्यात, पट्टुकोट्टै आणि पेरावूरणीच्या बाजूला, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसच्या दिवस विजेविना राहिली. मोबाइलचे टॉवरही पडले किंवा बंद झाले. आरएफसी ३३९८ मध्ये विजेविषयी काही नाही, तो त्याचा विषयही नव्हता. पण आजीसाठी कॉल थांबवून धरण्याची काळजी ज्या यंत्राकडून घेतली गेली, त्याच यंत्राला तिच्या घरी पोचल्यावर वादळात तग धरण्यापुरती बॅटरी मिळू नये, हे मला पटत नाही. वायफायच्या पेटीसाठी मिळणारी छोटी १२ व्होल्टची पॉवर बँक आज कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात असते. पेटीला चालेल अशी पाहून नातवाने पुढच्या खेपेला आधी ती बसवून द्यावी.